साहेबांवरचं वाक्य

मंगळवारी गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन घरी आलो, तर शैलजा म्हणाली, "अहो, उद्या तपासणी आहे. माझी नोकरी कायम होणार की नाही, ते उद्याच ठरेल." जतजवळच्या एका शाळेत ती इंग्रजी शिकवायची.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेले शिंत्रे साहेब सातवीच्या वर्गात चहाचे भुरके मारत इंग्रजी वाक्यं घालू लागले. मुलांनी प्रत्येक शब्दाची जात बिनचूक सांगितली.

साहेब कडाडले, "बाई, हे सगळं गाईडमधून पाठ करून घेतलंय! तसाच शेरा लिहितो."

शैलजाच्या वर्गात रोज समोर घडेल त्याचं वाक्य करायची पद्धत होती. मागच्या बाकावरची सगुणा उठली.

"सर, 'द अँग्री ऑफिसर ड्रिंक्स टी लाऊडली.' ऑफिसर आणि टी नाम, अँग्री विशेषण, ड्रिंक्स क्रियापद, लाऊडली क्रियाविशेषण."

"हे कुठल्या गाईडमधलं?"

"कुठल्याच नाही, सर. तुम्ही आत्ताच तर आलात!"

साहेबांना ठसका लागला. मग तेच खो-खो हसत सुटले. शैलजा कायम झाली.

शैलजाच्या निवृत्तीनंतर सगुणाला भेटायला आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं. त्याआधीच शैलजा गेली, ते राहून गेलं.