काजळीचं तोंड

“चिडली नाही, तर मग हे काय आहे?” शाल्मलीनं विचारलं.

वस्ताद समोरच्या कुत्रीकडं बघत होते.

दहा पावलांवर काजळी बसली होती. मागचे पाय नीट मुडपलेले, शेपूट जमिनीवर सैल पडलेली. तोंड मात्र वेगळंच होतं. ओठ हिरड्यांपर्यंत ओढलेले, नाकाला आठ्या, डोळ्यांची पांढरी कड उघडी. गुरगुर नाही. श्वास संथ.

एक माशी तिच्या सुळ्यावर बसली, थोडी चालली, उडून गेली.

तोंड तसंच.

भर दुपार होती. माळावर कसलाही आवाज नव्हता.

गुंजवटे वस्ताद फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि माणदेशातल्या या माळावर कुत्री शिकवू लागले, त्याला आता वीस वर्षं झाली होती. खेळ सांगायला सोपा. अंगावर येणाऱ्या माणसाची तागाची जाड बाही कुत्र्यानं धरायची, आणि ‘छोड’ म्हटलं की त्याच क्षणी सोडायची. शाल्मली सहा वर्षं जर्मनीत छायाचित्रण शिकून आली होती. अडीच महिने ती इथं या कुत्र्यांचे फोटो काढत होती. त्यातही काजळीचेच जास्त.

“तीन दिस झालं, म्याडम,” बाही घालणारे सर्जेराव लांबूनच म्हणाले. जवळ यायला ते तयार नव्हते. “आधी मला बघून दात काढायची. ते ठीक. मला बघून आमची कारभारीणबी दात काढती. पर आज सकाळी ती भाकरी घेऊन आली, तर तिच्याम्होरंबी ह्येच. दुरडी टाकून पळाली बिचारी.”

शाल्मलीला हसू आलं नाही.

आठ दिवसांवर चाचणी होती. तिथं आधी एक परका परीक्षक कुत्र्याजवळून नुसता चालत जातो. कारण नसताना दात दाखवणारं कुत्रं तिथंच बाद. आणि वस्तादांचा नियम माळावर सगळ्यांना ठाऊक होता : ज्याचा भरवसा नाही, ते जनावर माणसांत मोकळं सोडायचं नाही. काजळी तीन वर्षांची होती. बाद झाली, तर पुढचं सगळं आयुष्य साखळीला.

“तुजा सगळ्यात चांगला फोटो दाव,” वस्ताद म्हणाले.

तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उघडून त्यांच्यापुढं धरला. काजळीच होती. उघडे सुळे, पांढरे डोळे.

“तिकडे माणसांचे फोटो काढून मी विटले, वस्ताद. कॅमेरा दिसला की माणूस दुःखसुद्धा नीटनेटकं करून दाखवतो. म्हणून परत आले. हा राग बघा. यात कणभर नाटक नाही. जनावर खोटं बोलत नाही.”

वस्तादांनी फोटो बघितला. मग समोर बसलेल्या काजळीकडं बघितलं. मग पुन्हा फोटोकडं.

“त्येच तोंड हाय,” ते म्हणाले. “केसाचा फरक न्हाई.”

शाल्मलीनं बघितलं. खरंच नव्हता. डाव्या ओठाची दुमडसुद्धा तीच.

वस्तादांनी खिशातून पत्र्याचा बेडूक काढला, जत्रेत मिळतो तसला. अंगठ्यानं दाबला.

टक्.

काजळीचं तोंड मिटलं. कान उभे राहिले. धावत येऊन तिनं वस्तादांच्या तळव्यावरचा भाकरीचा तुकडा उचलला, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

“पिल्लू असल्यापासनं तिला येवढंच शिकवलंय. टक् वाजलं, त्या टायमाला जे करत व्हतीस ते बराबर.” वस्ताद थांबले. “तुजा कॅमेरा वाजीव बरं.”

कॅमेरा जुना होता. बटण दाबलं की आतला आरसा उलटायचा.

टक्.

काजळीनं शाल्मलीकडं मान वळवली. ओठ मागं सरकले. सावकाश.

“पण मी... मी तिला कधी घास दिला नाही.”

“म्हून तर. दात दिसलं की तुजं टक् वाजतंय, पर घास येत न्हाई. तिला वाटतंय, आपलं कुटंतरी चुकतंय, म्हून दिसंल त्याच्याम्होरं करून बघती.”

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“फोटो चांगला हाय का, येवढंच इचारायचीस.”

“हे मोडायचं कसं, वस्ताद?”

“जिनं घातलं, तिनंच मोडायचं. डोळ्याला कॅमेरा लाव. ती तोंड करंल. वाजवायचं न्हाई. तोंड मिटंल, तवा वाजीव. आन् घास दे.”

भाकरीचा तुकडा डाव्या मुठीत घेऊन शाल्मली मातीत गुडघ्यांवर बसली. एक डोळा मिटून, ओठ मागं ओढून तिनं दुसरा काचेला लावला.

काजळीनं तोंड केलं.

टक् झालं नाही.

काजळीनं मान तिरपी केली, लाळेची तार सोडली. तो पहिल्या आठवड्यातला फोटो होता. मग जबडा पुरा उघडला. तो दुसऱ्या आठवड्यातला. मग हवेतच दात मिटले, जणू बाही धरलीय. एकापाठोपाठ एक, सगळे फोटो येत राहिले. पुण्यातल्या प्रदर्शनाच्या भिंतीवर शाल्मलीनं ज्या क्रमानं मनात लावले होते, जवळजवळ त्याच क्रमानं. आवाज न करता.

आणि मग एक असं तोंड आलं, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. ऊन थेट त्या डोळ्यात उतरलं होतं. एवढी वर्षं ती ज्याच्या शोधात होती ते हेच.

बोट बटणावर होतं.

“म्याडम...” सर्जेराव पुटपुटले.

तिनं दाबलं नाही.

तोंड बराच वेळ तसंच राहिलं. मग त्यातून काहीतरी निघून गेलं. ओठ खाली आले. काजळीनं नाक चाटलं, लांबलचक जांभई दिली आणि तोंड मिटून घेतलं. समोर एक साधी, दमलेली कुत्री होती.

टक्.

शाल्मलीनं कॅमेरा खाली घेतला, तळवा उघडून पुढं केला.

काजळी आली नाही.

तिनं तुकड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती शाल्मलीच्या अजून ताणलेल्या चेहऱ्याकडं बघत होती. एक पाऊल मागं सरली. आणखी एक.

“वस्ताद, ती घाबरतेय कशाला?”

वस्ताद शाल्मलीशेजारी उकिडवे बसले. काजळीकडं नाही, तिच्याकडं बघत राहिले.

“आता तूबी दात झाक, पोरी.”