दोन विटा कमी

“चाचा, असा एखादा ड्रोन सांगा, जो पडणार नाही.”

“जो उडत नाही तो,” दस्तगीरचाचा म्हणाले आणि अंगण झाडत राहिले.

अभिनंदन हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं चेष्टा केली. मी चिंचेखाली शेंगा फोडत बसलो होतो. चाचा चेष्टा करतात तेव्हा आधी डोळा मिचकावतात, हे मला ठाऊक होतं. आज त्यांनी तो मिचकावला नव्हता.

अभिनंदन म्हणजे आमच्या आण्णा चौगुल्यांचा धाकटा. पुण्यात बिल्डरांच्या फ्लॅटांचे फोटो काढतो. अंधारी खोली उजेडाची आणि एवढीशी खोली ऐसपैस दाखवावी तर त्यानंच. जमिनीवर उभं राहून घराचा फोटो काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, आणि हे तो भेटेल त्याला सांगतोही. ड्रोन मात्र त्याला नवा.

चाचांचं म्हणाल तर पेठेत त्यांचा स्टुडिओ होता. गावातली निम्मी लग्नं त्यांनी काढलेल्या फोटोंवर जमली. म्हातारपणी स्टुडिओ पुतण्याच्या हवाली केला आणि टेकडीवर, दर्ग्याशेजारच्या खोलीत येऊन राहिले. लोक त्यांना फकीर म्हणायला लागले. ड्रोन निघाले तेव्हा या वयात तेही शिकले, चार-दोनदा चिंचेत अडकवून. आता तालुक्यात ज्याला ड्रोन घ्यायचा असतो, तो आधी टेकडी चढतो.

“कशाला पाहिजे तुला?” चाचांनी विचारलं.

“एका पार्टीचं घर विकायचंय. जाहिरातीला वरून फोटो पाहिजेत.”

पार्टी म्हणे! माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. घर त्याचंच होतं. आण्णा गेले, सुलोचनावहिनींचे गुडघे गेले, आणि हा आईला पुण्याला न्यायला आला होता. वहिनी हो म्हणाल्या. एकच अट घातली त्यांनी... घर अशालाच द्यायचं, जो त्यात राहील. पाडायला घेणाऱ्याला नाही. जन्मभरात त्या बाईनं पोराकडं काही मागितलं असेल तर एवढंच. अख्ख्या गल्लीला हे माहीत होतं, आणि हा टेकडीवर येऊन पार्टी म्हणतो.

चाचांनाही माहीत होतं. पण त्यांनी झाडू थांबवला नाही.

अभिनंदननं मोबाइल काढला. “हे तीन बघा. हा सगळ्यात मोठा. जोरदार वाऱ्यातही हलत नाही, कॅमेरा तर असा की कौल न् कौल मोजून घ्या. आणि उंची! अख्खं गाव एका फोटोत येतं.”

“अख्खं गाव विकायचंय?”

“तसं नाही चाचा...”

“मग?”

तो जरा चपापला. पण गडी मागं हटणारा नव्हता. “म्हणजे फोटो भारी दिसला पाहिजे. मित्राचा मोठा ड्रोन आणून एकदा काढले मी. तुम्ही बघाच.”

चाचांनी झाडू भिंतीला टेकवला, चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला. फोटो खरोखर सुंदर होता. नदीचं वळण, उसाचे हिरवे चौकोन, कॅनॉलचा रस्ता.

“यात घर कुठाय?”

अभिनंदननं बोट ठेवलं.

“बोट उचल.”

त्यानं उचललं.

“आता ठेव.”

त्यानं ठेवलं. बोटाखाली घर झाकलं. शेजारचं डाळिंबाचं झाड झाकलं. कुलकर्ण्यांचा गोठाही झाकला.

“हा फोटो बघून कोण आलं?”

“दोघं आले...” अभिनंदनचा आवाज उतरला. “दारातून आत नाही आले. टेप काढला, जागा मोजली, कोपऱ्यात चुन्याची रेघ मारली आणि भाव बोलले. आई...” तो थांबला. “त्या पार्टीच्या घरी रडारड झाली.”

“ते दोघं चुकीचे नाही आले,” चाचा म्हणाले. “तू बोलावलंस, तेच आले.”

“मी?”

“इतक्या वरून घर दिसतंय का? जागा दिसतेय. जागा दाखवलीस, जागा घेणारे आले.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोणीतरी खाली ओढावं, तसं अभिनंदनचं तोंड झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि लगेच वाईटही वाटलं. पोरगं आपलंच.

“आणि उडवताना काय झालं?” चाचांनी विचारलं.

“काय होणार? काही नाही.”

चाचा चष्म्यावरून त्याच्याकडं बघत राहिले.

“गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आईनं. ड्रोन खाली आणला तर त्याच्या वाऱ्यानं सगळ्या उडाल्या. रस्त्यावर, गटारात, कुलकर्ण्यांच्या म्हशीपुढं. मी घाबरलो, कठड्यावर आदळता आदळता राहिला. तेव्हापासून हात लावला की बोटं थरथरतात. म्हणून विचारलं, न पडणारा कुठला.”

“आई काय म्हणाली?”

“काही नाही. मुकाट गोळा करत बसली. म्हणाली, फोटो चांगला आला ना रे?”

त्याच्या बोलण्यातली ती ‘पार्टी’ कधी गळून पडली, त्याचं त्यालाच कळलं नाही. चाचांनी मुद्दाम वर पाहिलं, चिंचेकडं. त्याला डोळे पुसायला वेळ दिला.

मग ते खोलीत गेले आणि एक लहानसा ड्रोन घेऊन आले. पेरूएवढा हलका, चारी पंख्यांभोवती प्लॅस्टिकची कडी. एका पायाला लाल दोरा गुंडाळलेला.

“धर.”

अभिनंदननं दोन्ही हातांत धरला, नवं बाळ धरावं तसा.

“सोड खाली.”

“काय?”

“टाक. फरशीवर.”

“चाचा, फुटेल!”

“टाक म्हटलं ना.”

त्याच्यानं होईना. हात पुढं करायचा, मागं घ्यायचा. शेवटी चाचांनीच त्याच्या मनगटाला खालून हलकेच एक टपली मारली. ड्रोन फरशीवर पडला, दोनदा उसळला आणि एक पातं निघून माझ्या शेंगांच्या टरफलांत आलं.

मी ते उचलून दिलं. चाचांनी नखानं दाबून बसवलं. ड्रोन परत त्याच्या हातात दिला.

“झालं पडून. आता उडव.”

मोकळ्या अंगणात त्यानं तो उडवला. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. एकदा दर्ग्याच्या ओट्याला धडकला, प्लॅस्टिकच्या कड्यांवर टेकून मागं सरला आणि पुन्हा तरंगायला लागला. पारवे दचकले, पण जागेवरून हलले नाहीत. एकदा चिंचेच्या बुंध्याशी खाली पडला. अभिनंदन धावला, स्वतःच पातं बसवलं आणि चक्क हसला. आण्णा असेच हसायचे, सायकलची चेन पडली की.

“बोटं?” चाचांनी विचारलं.

अभिनंदननं हात पुढं धरून पाहिला. थरथरत नव्हता.

“हा शिकायला बरा आहे,” तो म्हणाला, आणि पुन्हा त्याच्यातला पुणेकर जागा झाला. “हलका, म्हणून नियमांचा जाचही कमी. पण कामाला हा कसा चालेल? कॅमेरा बेताचा. वारा आला की वाहून जाईल. फार वर तर जाणारच नाही.”

“वर काय आहे तुझं?”

अभिनंदननं नकळत वर पाहिलं.

“घरात काय दाखवायचंय, ते सांग. मग ड्रोन सांगतो.”

“तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागं न्हाणी, वर गच्ची. बोअरला पाणी आहे. रस्ता...”

“ते दलालही सांगेल. घ्यायला येणाऱ्याला काय दिसलं म्हणजे तो पाडणार नाही?”

अभिनंदन ओट्यावर बसला. मीही शेंगा फोडायच्या थांबवल्या, आवाज नको म्हणून.

“गच्चीचा कठडा,” तो शेवटी म्हणाला. “समोरच्या बाजूला एका जागी कठड्याला दोन विटा कमी आहेत. लहानपणी मला वाटायचं, आण्णांच्या विटा संपल्या असतील.”

“मग?”

“आई बुटकी आहे. आण्णा कारखान्यात फिटर होते. पाळी संपली की कॅनॉलच्या रस्त्यानं सायकलवरून यायचे. कठडा बांधून झाला तेव्हा आईला पलीकडचं काही दिसेना. ती आपली टाचा उंच करून बघायची. आण्णांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला म्हणाले, इथल्या दोन विटा काढ. ती तिथं उभी राहून चहाचं आधण कधी टाकायचं ते ठरवायची. कॅनॉलच्या वळणावर सायकल दिसली की टाकायची. आण्णा दारात आणि चहा कपात. अजून संध्याकाळी तिथंच जाऊन उभी राहते... कोणी यायचं नसतं, तरी.”

आता माझेही डोळे भरून आले. इतकी वर्षं कारखाना सुटला की त्या कॅनॉलच्या रस्त्यानं मी आण्णांच्या शेजारी सायकल मारली. वळणावर आला की हा माणूस घंटी का वाजवायचा, ते आज कळलं.

“हे कुठल्या फोटोत आहे का?” चाचांनी विचारलं.

“गच्चीवरून काढला तर तिची पाठ येते. रस्त्यावरून काढला तर नुसतं कपाळ दिसतं. अगदी समोरून घ्यायचा तर कठड्याच्या बाहेर उभं राहावं लागेल, हवेत.”

“हवेत...” चाचा म्हणाले.

अभिनंदननं मान वर केली.

त्यानं हातातल्या ड्रोनकडं बघितलं. पंख्यांभोवतीची कडी बोटानं चाचपली. मग तो स्वतःशीच बोलायला लागला. “मोठा नेला तर आईच्या तोंडावर वारा मारेल, पदर उडेल, ती घाबरून आत जाईल. हा जवळ गेला तरी... कठड्याला लागला तरी मागं सरतो. आणि संध्याकाळी तिथं वारा पडलेला असतो.”

चाचांनी एकदा माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

“असाच घेतो,” अभिनंदन म्हणाला. “लहान, कडीवाला. कॅमेरा याच्याहून थोडा बरा बघतो. पण चाचा, गच्चीपासून किती उंच उडवू?”

“तुझी आई केवढी आहे?”

त्यानं हात आडवा केला आणि स्वतःच्या खांद्याच्या जरा खाली धरला. “एवढी.”

“नीट सांग.”

त्यानं डोळे मिटले. हात बोटभर आणखी खाली आला. तळवा उताणा झाला आणि तिथंच स्थिर राहिला. चाचांनी लाल दोऱ्याचा तो ड्रोन त्याच्या दुसऱ्या हातातून घेतला आणि हलकेच त्या तळव्यावर ठेवला.

“याच्या वर नको जाऊस, बाळा. एवढ्याच उंचीवर घरात माणूस राहतं.”