बुवांच्या पायांवर

“बुवा, मी ‘बस’ म्हटलं की मैदानावर दोनशे पोरं बसतात. मग ही एकटी का बसत नाही?”

खराडेमास्तरांनी पिशवीतली पिवळी पॉटी काढून मठाच्या ओसरीवर आदळली. कडेवर त्यांची दोन वर्षांची शमी. पोरीने चार दिवस शी दाबून धरली होती. पोट टणक झालेलं, आणि पॉटी दिसली की हातपाय आखडून टाहो फोडायची. डॉक्टरांनी औषध दिलं, वर बजावलं, धाक लावू नका. पण धाक लावण्यापलीकडे कवायतीच्या मास्तरांना येत काय होतं!

धोंडबुवा शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, “पॉटीवर बसवल्यावर तुम्ही काय करता?”

“समोर उभा राहतो. घड्याळ लावून. दहा मिनिटं.”

“शिट्टी?”

मास्तर गोरेमोरे झाले. “…एकदाच वाजवली.”

“आज सकाळी तुमचं पोट साफ झालं?”

“झालं की.”

“समोर कोण उभं होतं?”

तेवढ्यात शमी कळवळली, तिने पाय आवळून घेतले. मास्तरांनी तिला घाईने कडेवरून उतरवलं. आणि सवयीने तोंडातून निघालंच, “शमी, बस खाली!”

पोर थरथर कापायला लागली.

बुवा उठले. अंगणात शेवग्याखाली फतकल मारली, पाय लांब केले, दोन पावलांत जराशी फट ठेवली आणि हात पसरले. घरोघरच्या आज्या तान्ह्याला पायांवर बसवतात ना, अगदी तस्सं! सकाळच्या पाद्यपूजेचं गंध त्या पायांवर अजून वाळलं नव्हतं. आणि मास्तरांना कळायच्या आत शमी तिथं बसलेली!

“अहो बुवा, हे काय करताय…”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. मग शमीचे दोन्ही हात धरून तिला कोंबडी दाखवू लागले.

“बघ, कशी उकरतेय… घाई आहे का तिला? छे!”

शमी बघत राहिली. मास्तरांची नजर मनगटाकडे गेली. त्यांनी घड्याळ काढलं, खिशात टाकलं आणि जन्मात पहिल्यांदा पाठ फिरवून उभे राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे…

“झाली!”

मास्तर गर्रकन वळले. डोळ्यांत पाणीच आलं हो त्या माणसाच्या. मग बुवांच्या पायांकडे लक्ष गेलं आणि तांब्या घेऊन धावले.

“शिव शिव! बुवा, अख्खा तालुका डोकं टेकवतो या पायांवर!”

बुवांनी पाय हलवले नाहीत. शमी अजून कोंबडीच बघत होती.

“डोकं टेकवायला रोज येतात, मास्तर. निर्धास्त बसली ती हीच.”