दारावरचा घास

एका बोटाच्या टोकावर पेशींचं एक गाव होतं. त्या गावात एक तरुण पहारेकरीण शाळा शिकून आली. तिची शाळा फार लांब, छातीच्या हाडामागे होती. मोठी कडक शाळा. तिथे शिरलेल्या बहुतेक जणी बाहेर पडतच नाहीत. ही बाहेर पडली होती.

रक्ताच्या वाटेने येताना तिने मनात पुष्कळ रंगवलं होतं. गावात शत्रू शिरलेला असेल, घरोघरी भीती असेल, आपण एकेक दार पारखू आणि गाव वाचवू. पोचली तेव्हा गावात शत्रूचा मागमूसही नव्हता. दुपारी बोट तापलेल्या तव्याला लागलं होतं, इतकंच. घरंच्या घरं थकून गप्प बसली होती आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

त्या गावाची एक जुनी रीत होती. घरात जे शिजत असेल त्यातला एक घास प्रत्येक पेशीने दाराबाहेर ठेवायचा. पहारेकरणीने तो पाहायचा. ओळखीचा वाटला तर पुढे जायचं. परका वाटला तर एवढंच म्हणायचं, "घर आवरा." मग ती पेशी स्वतःला आवरायची, म्हणजे कायमची संपायची. एका घरात शिरलेला शत्रू गावभर पसरू नये, म्हणून हे. या हुकमाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि हुकूम देणारीवर कुणी कधी संशय घेतला नव्हता.

दुसरीही एक रीत होती. शेजारशेजारच्या घरांच्या भिंतीत बारीक झरोके असायचे. त्यातून पाणी जायचं, मीठ जायचं, बरी-वाईट खबर जायची. शाळेत मात्र झरोक्यांचा धडा नव्हता. तिथे फक्त दारं वाचायला शिकवत.

पहारेकरीण फिरत फिरत एका घरापाशी थांबली. दारावरचा घास वेडावाकडा, पिळवटलेला होता. असा घास तिने कधी पाहिला नव्हता.

"आत कोण आहे?" तिने दरडावून विचारलं.

"मीच आहे गं," आतून दमलेला आवाज आला. "ऊन लागल्यासारखं झालंय बघ. आच लागली आणि रांधलेलं सगळं आखडलं. रोजचा स्वयंपाक बंद ठेवलाय. वाकडं झालेलं तेवढं सरळ करत बसलेय."

"हा घास आपल्यातला नाही."

"आपल्यातलाच आहे, पोळलाय फक्त. सकाळपर्यंत थांब ना, बाळा. सकाळी नीट घास ठेवते."

शेजारच्या भिंतीआडून एक म्हातारी पेशी बोलली. "अगं ए शाळावाले! तिचा माझ्या बाजूचा झरोका उघडा आहे. मी पाणी देतेय, ती घेतेय. जिच्या घरात चोर शिरतो ती झरोका आधी लावून घेते."

"तुम्ही शेजारणी एकमेकींची बाजू घेणारच, काकू."

"मग काय परगावच्यांची घेऊ?"

आजूबाजूच्या दोन-चार घरांतून हसू आलं. पहारेकरणीचा चेहरा तापला. ती वाईट नव्हती. तिला खरोखर वाटत होतं, की आज आपण कचरलो आणि उद्या गाव बुडालं तर शिकून उपयोग काय? झरोका तिच्या हाकेच्या अंतरावर होता. डोकावायला एक पाऊल पुरलं असतं. ते तिने टाकलं नाही.

"घर आवरा," ती म्हणाली.

मग आतली म्हणाली, "बरं."

तिने आरडाओरड केली नाही. चूल विझवली, आतल्या भिंती उतरवल्या, घरातलं सगळं लहान लहान गाठोड्यांत नीट बांधलं. सांडलवंड झाली तर शेजारी जळजळेल, म्हणून प्रत्येक गाठ तिने ओढून पाहिली. शेवटी झरोक्याशी येऊन म्हणाली, "काकू, एवढी गाठोडी आत घ्या. तुमच्या कामाला येतील." आणि झरोका बंद झाला.

सकाळ झाली. बोटाची आग निवली होती. गावात एकामागून एक चुली पेटल्या. आदल्या दुपारी ज्या ज्या घरांचं रांधलेलं आखडलं होतं, ती सगळी पुन्हा कामाला लागली होती. त्यांच्यातलं एकही आजारी नव्हतं. फक्त एका ठिकाणी रिकामी जागा होती, आणि ती भरून काढायला काकू आपलं म्हातारं अंग ताणत होती.

पहारेकरणीने दारं पाहायला सुरुवात केली. पहिल्या दारावर घास नव्हता. दुसऱ्यावर नव्हता. ती गावभर फिरली. एकाही दारावर काही ठेवलेलं नव्हतं.

"घास का नाही ठेवला?" तिने एका दाराशी हळूच विचारलं.

"पोळलेला असला तर?" आतून उत्तर आलं.

तेव्हा तिला कळलं. आता खरा शत्रू एखाद्या घरात शिरला, तरी दारावर काही दिसणार नव्हतं. जे गाव वाचवायला ती आली होती, ते तिनेच आंधळं केलं होतं.

रक्ताची वाट समोरच होती. तिच्यासारख्या कितीतरी जणी चुकल्या-माकल्या की त्या वाटेने दुसऱ्या गावी निघून जात, जिथे त्यांना कुणी ओळखत नसे. ती वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. मग मागे फिरली आणि रिकाम्या जागेपाशी, काकूच्या भिंतीला टेकून बसली.

"काकू, मी इथेच राहणार आहे. यापुढे आधी भिंतीशी येईन, मग दाराशी जाईन. झरोका उघडा असेल तोवर माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही."

काकू रिकामी जागा भरायला अंग ताणत राहिली. तिच्या दारावर घास आला नाही. तरी पहारेकरीण तिथून उठली नाही.

तात्पर्य: संकटात सापडलेल्याचं रूप परक्यासारखं दिसतं, म्हणून निवाडा करण्याआधी त्याच्या शेजाऱ्याला विचारावं, कारण घाईने गेलेला एक जीव सगळ्यांचा विश्वास सोबत घेऊन जातो.