राजाच्या ऐनावरचा वड

एका राज्यात राजाचा प्राण त्याच्या देहात नसे, तो रानातल्या एका जुन्या ऐनाच्या झाडात असे. तिथली रीतच तशी. ऐनाने श्वास घ्यावा, राजाने जगावं.

राजा शूरध्वजाने एका कपटी मांत्रिकाला हद्दपार केलं. जाता जाता मांत्रिकाने शाप दिला, "राजा, तुझ्या घरचाच हात तुझा गळा आवळील!" पुढे काही वर्षांनी राजाचा श्वास कोंडू लागला. दोन शब्द बोलला की तिसऱ्याला धाप लागे.

राजकन्या हेमकळेचा बापावर फार जीव. तिला वाटलं, पाणी इथंच कुठंतरी मुरतंय! तिने आचाऱ्याला कोठडीत टाकलं. राजाचा श्वास काही सुटला नाही. मग राजवैद्य गेला. मग सख्खे काका.

"पोरी, तुला खांद्यावर खेळवलंय गं मी!"

"काका, घरचाच हात, असं शाप सांगतो."

काय म्हणावं या पोरीला! चोर सोडून संन्याशाला सुळी!

त्या ऐनाच्या बेचक्यात एक वड आपसूक उगवला होता. असा वड म्हणजे देव घरी आला, अशी तिथली समजूत. त्याची मुळं खाली येऊन जमिनीला टेकली होती. हेमकळा रोज सकाळी त्यांना हळदकुंकू वाही, कळशीभर पाणी घाली आणि बापासाठी आयुष्य मागे.

एके सकाळी फांदीवरचा धनेश पक्षी खो खो हसला.

"का हसतोस, पक्षिराज?"

"राजकन्ये, वैऱ्याला पाणी पाजतेस."

"कशावरून?"

"मांत्रिकाने मला वडाचं फळ चारलं. त्याचं बी माझ्या विष्ठेतून बेचक्यात पडलं. तिथल्या पाचोळ्यावर ते रुजलं, मग त्याने मुळं खाली सोडली. माती लागताच ती जाड झाली, एकमेकांत गुंतली. आता ती खोड आवळताहेत, वरची पानं ऊन अडवताहेत. वड उभा राहील, ऐन आतल्या आत कुजेल."

"तू मांत्रिकाचं खाल्लंस. तुझं का ऐकू?"

"नको ऐकूस. हात घालून बघ."

तिने मूळ आणि खोड यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. नखसुद्धा शिरेना.

"उपाय सांग."

"पाणी घातलं त्याच हाताने तीन मुळं तोड. काम अर्धवट सोडलंस तर बाप गेला."

वड तोडणं महापाप! सेवक मागे सरले. हेमकळेने स्वतः कुऱ्हाड घेतली. पहिलं मूळ किंचाळलं, "पापिणी, निर्वंश होशील!" तिने ते तोडलं. दुसरं रडलं, "माझीच पूजा केलीस ना गं?" तिने तेही तोडलं. तिसरं राजाच्या आवाजात बोललं, "बाळ हेमकळे, थांब, हा घाव माझ्याच गळ्यावर बसतोय, मी मरून जाईन गं!"

कुऱ्हाड अधांतरी थांबली. बाबाच असले तर? पण एवढं लांब वाक्य बाबा एका दमात कधी बोलले होते?

"लबाडा!" ती ओरडली, आणि घाव घातला.

वड वाळला, मुळं गळून पडली. तिकडे महालात राजाने छाती भरून श्वास घेतला.

वडाचं कपट राजाच्या कानी गेलं. दरबार भरला. राजाने विचारलं, "त्या वडाला पाणी कोण घालत होतं?" सगळे एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

हेमकळा पुढे आली. "मी, महाराज."

राजाने कोठडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. मग म्हणाला, "तिघांना तूच सोडवून आण. किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस."

आचारी मान खाली घालून बाहेर पडला. वैद्य तिच्याकडे न बघताच निघून गेला. काका मात्र दारातच थांबले. म्हणाले, "पोरी, दादाला आता श्वास घेता येतो ना?"

हेमकळेने त्यांचे पाय धरले आणि ती ढसाढसा रडली.

शाप सरला, राज्य थाऱ्यावर आलं. त्यांचं झालं तसं तुमचंआमचंही भलं होवो.