तामणाची पानं

झाडं बोलत होती त्या काळी एका देवळापाशी जांभळ्या फुलांचा तामण उभा होता. "तू नुसता शोभेचा," असं शेजारचा कडुनिंब त्याला ऊठसूट हिणवी.

देवळातला गूळ खाऊन खाऊन भिमाक्का या म्हाताऱ्या वानरीच्या रक्तात साखर चढली होती. तहान भागेना, जखमा भरेनात. ती तामणाची जून पानं रोज चघळू लागली, तसा तिला उतार पडला.

"अक्का, माझा गुण सगळ्यांना सांग ना," तामण म्हणाला.

"नको रे बाबा. माझ्यापुरती पानं आहेत तुझ्यापाशी, कळपाला पुरायची नाहीत."

तामणानं ऐकलं नाही. कडुनिंबाच्याही कानावर जावं म्हणून त्यानं स्वतःच ओरडून सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी कळप तुटून पडला. ज्यांना कसलंच दुखणं नव्हतं, त्यांनीही पुढेमागे लागतील म्हणून पानं ओरबाडली.

भिमाक्का आली तेव्हा फांद्या उघड्या होत्या. "एखादं पान?" तिनं विचारलं. काही दिवसांनी ती त्याच्याच बुंध्याशी पाणी पाणी करत गेली.

कडुनिंबानं हिणवणं सोडलं. कळपाचा म्होरक्या तेवढा तिच्या प्रेताला वळसा घालून आला आणि तामणाला म्हणाला, "नवी पालवी कधी फुटते रे?"