बिनशिंपल्यांची अमावास्या

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राच्या काठाला एक गाव होते. त्याचे नाव विचारू नका. ते आता कुणाच्या तोंडी उरलेले नाही, आणि का उरले नाही तेच सांगायला बसलो आहे.

गावाची शेते भरतीच्या पाण्याहून खोलगट होती. कुणा पूर्वजांनी खाडीला लांबच लांब मातीचा बांध घालून खारे पाणी बाहेर अडवले होते आणि आतल्या जमिनीत भात लावला होता. बांधाच्या एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला लोंब्या आणि मधे नुसती माती. चाळीस घरांचा घास त्या मातीच्या भरवशावर होता.

आता तुम्हाला वाटेल, या बांधाला भीती समुद्राची. पण समुद्र समोरून येतो, दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो. खरी भीती होती खेकड्यांची. खेकडा मुकाट्याने बांधात बीळ कोरतो. आज बोटभर, पंधरवड्याने हातभर. अमावास्येला उधाण आले की पाणी नेमके ते बीळ हुडकते, आणि एकदा आत शिरले की बांधाचे काही खरे नसते.

म्हणून गावात एक रीत होती. बांधाचे चाळीस पट्टे पाडलेले होते, घरामागे एक. अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी प्रत्येक घराने आपला पट्टा नीट बघायचा, जितकी बिळे सापडतील तितके शिंपले वेचायचे आणि गावाबाहेरच्या एका सपाट दगडावर आणून मांडायचे. गावाचा म्होरक्या, ज्याला सगळे नाईक म्हणत, तो दगडापाशी फावडे घेऊन बसलेला असे. ज्याचा ढीग सर्वांत मोठा, त्याच्याकडे बघून तो उठे आणि म्हणे, “चला, आधी यांच्याकडे.” मग चाळीस घरांचे हात त्या एका पट्ट्यावर पडत. चिखल, पेंढा, माती. संध्याकाळपर्यंत सगळा बांध लिंपून होई. मोठा ढीग मांडणाऱ्याला कुणी हसत नसे. हसणार कोण? पुढच्या अमावास्येला तोच ढीग आपलाही असू शकतो, हे ज्याला त्याला ठाऊक होते.

पुढे म्हातारा नाईक गुडघ्यांनी थकला. गावाने नवा नाईक निवडला, आणि खरे सांगायचे तर निवडीत काही चूक नव्हती. नवा नाईक कामाला वाघ होता. त्याच्या पट्ट्यात कधी दोनाच्या वर बिळे निघाली नव्हती. खोटे बोलत नसे, कुणाला फसवत नसे. म्हाताऱ्याने फावडे त्याच्या हातात दिले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आपल्या हयातीत हा बांध फुटू द्यायचा नाही, अशी त्याने मनाशी गाठ बांधली. घरी जाऊन त्याने ते फावडे हळदकुंकू वाहून देवाजवळ उभे केले. म्हाताऱ्याचे फावडे कधी चिखलाशिवाय कुणी पाहिले नव्हते. पण मान द्यायची प्रत्येकाची आपापली तऱ्हा असते.

त्याच्या स्वभावात खोट एकच. जो स्वतः थकत नाही, त्याला दुसऱ्याचे थकणे आळसासारखे दिसते.

पहिल्याच अमावास्येला दगडावर एकूण सत्तर-ऐंशी शिंपले पडले. नव्या नाईकाला ते बघवेना. माझ्या पट्ट्यात दोन आणि लोकांच्या पट्ट्यात सात-सात? त्याने त्या दिवशी नवा नियम केला. ज्या घराचा एकही शिंपला पडणार नाही, त्या घरच्या बाईने पेरणीची पहिली मूठ टाकायची. गावात याहून मोठा मान नव्हता. शिक्षा त्याने कुणालाच ठेवली नाही. शिक्षा करणे त्याच्या मनातही नव्हते.

पण एक गोष्ट तो करू लागला. खाडीच्या वळणावरचा पट्टा एका विधवेकडे होता. तिथे पाणी सगळ्यांत जोरात आदळे, त्यामुळे बिळेही तिथेच जास्त पडत. तिने पदरातून नऊ शिंपले काढून दगडावर मांडले. नाईकाने ते बघितले, मग तिच्याकडे बघितले.

“वहिनी, अजून इतके?”

एवढेच म्हणाला. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. पण सगळे गाव उभे होते, आणि सगळ्या गावाने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तिने पदर सावरला आणि मागे जाऊन उभी राहिली. नंतर लोक तिच्या पट्ट्यावर मदतीला गेले, बिळे बुजवली, सगळे रीतसर झाले. फक्त त्या दिवशी काम करताना तिच्याशी कुणी बोलले नाही.

पुढच्या अमावास्येला तिने तीन शिंपले मांडले. त्याच्या पुढच्या वेळी एकही नाही. नाईकाने सर्वांसमोर तिचे कौतुक केले. ती हसली, पण तिचे हसणे डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही. नाईकाला ते दिसले नाही, कारण तेव्हा तो दगडाकडे बघत होता.

असे वर्ष गेले. सत्तरांचे चाळीस झाले, चाळिसांचे दहा. “अजून?” हा शब्द नाईकाला आता क्वचितच उच्चारावा लागे. आणि एका अमावास्येला चाळीस घरांची माणसे दगडाभोवती जमली, हात रिकामे, दगड स्वच्छ. नाईकाने दगडावरून हात फिरवला. आयुष्यात एवढा आनंद त्याला झाला नव्हता. शेजारच्या गावांचे म्होरके ही किमया बघायला आले. त्याने त्यांना तो कोरा दगड दाखवला, आणि त्यांनीही आपल्या गावी असाच नियम करायचे ठरवले.

म्हातारा नाईक तेवढा आनंदला नाही. काठी टेकत तो नव्या नाईकाच्या अंगणात आला, पाणी प्यायला आणि ओट्यावर टेकला.

“शिंपले संपले म्हणतोस,” तो म्हणाला. “मग खेकडे कुठे गेले?”

नव्या नाईकाला राग आला, पण वयाचा मान राखून तो म्हणाला, “आबा, लोक आता मन लावून बघतात. बीळ पडायच्या आधीच बुजवतात.”

“तू बघितलंस?”

“चाळीस पट्टे मी एकटा कसे बघणार? लोकांवर विश्वास नको ठेवायला?”

म्हातारा उठला. जाता जाता एवढेच म्हणाला की, माझ्या वेळी लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे, म्हणून शिंपले पडायचे. नव्या नाईकाला वाटले, जुन्या माणसाला नव्याचे यश पचत नाही. आपल्यालाही बऱ्याचदा असेच वाटते, नाही का?

आणि खरे तर तो आता स्वतःचा पट्टासुद्धा बघत नव्हता. गावोगावच्या पाहुण्यांना बांध दाखवण्यात त्याचा दिवस जाई. पट्टा त्याची बायको बघे. ती कष्टाळू होती, मोजके बोलणारी होती. श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “आपल्या पट्ट्यात जरा...”

“आपल्या पट्ट्यात काय असणार?” नाईक हसून म्हणाला आणि भाताचा घास घेतला.

मग तिने ताटात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी उधाण आले. अमावास्येला ते दुपारीच येते, त्यात नवल काही नव्हते. पण त्या दिवशी समुद्राकडून वाराही सुटला आणि पाणी बांधाच्या माथ्यापाशी पोहोचले. नाईक दगडाजवळ निर्धास्त उभा होता. काल एकही शिंपला पडला नव्हता. बांध पोलादासारखा आहे, असे तो कुणाला तरी सांगतच होता, तेवढ्यात एक शेतकरी शेतातून धावत आला. पायांना चिखल, छाती भात्यासारखी हलत होती. बांधाच्या पोटातून पाणी येतेय, म्हणाला.

“कुणाच्या पट्ट्यातून?”

शेतकऱ्याने नाईकाच्या डोळ्यांत बघायचे टाळले. “तुमच्या.”

नाईक पळत घरी गेला, देवाजवळचे फावडे उचलले. दांडा वाळवीने आतून खाल्लेला होता. तो हातात तुटला. तसाच रिकाम्या हातांनी तो पट्ट्याकडे धावला, आणि धावता धावता लोकांना हाका मारत सुटला. पूर्वी अशा हाकेला चाळीस घरे एका जागी येत. आज लोक बाहेर आले, पळाले, पण प्रत्येक जण वेगळ्या दिशेला. जो तो स्वतःच्या पट्ट्याकडे धावत होता. कारण आपण तिथे काय लपवले आहे, हे ज्याला त्याला माहीत होते.

नाईकाच्या पट्ट्यापाशी तिघेच पोहोचले. तो स्वतः, बातमी आणणारा शेतकरी आणि काठी फेकून आलेला म्हातारा नाईक. नव्या नाईकाची बायको आधीपासूनच तिथे होती. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती पेंढ्याचे भारे भगदाडात कोंबत होती आणि पाणी ते भारे तिच्या हातून ओढून नेत होते. चौघांनी माती लोटली, हात लावले, पाठी लावल्या. तीस हातांचे काम आठ हातांनी होत नाही. बांध आधी थरथरला, मग शेजारच्या चार पट्ट्यांसकट खाली बसला. नाईकाने बायकोला कसेबसे ओढून बाहेर काढले. म्हाताऱ्याला शेतकऱ्याने काढले. समुद्र आत आला, हिरव्या भातावर पसरला आणि अगदी शांतपणे घरांच्या पायऱ्यांपर्यंत गेला.

ओहोटी लागल्यावर सगळे गाव बांधावर आले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. जिथे बांध उभा होता, तिथेही पाण्याने वरचा लेप धुऊन काढला होता, आणि प्रत्येक पट्ट्यात बिळेच बिळे दिसत होती. काहींच्या तोंडावर हिरवळीची ढेकळे बसवलेली, काहींवर छान सारवलेले. विधवेच्या पट्ट्यात तर तिने बिळांवर फुलझाडे लावली होती. अख्ख्या गावाने एकमेकांना फसवले होते, आणि त्यात वाईट माणूस एकही नव्हता.

नाईक बायकोजवळ चिखलात बसला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून निघाले होते.

“किती दिवसांचं होतं ते बीळ?” त्याने विचारले.

“तीन अमावास्यांचं. खांद्यापर्यंत हात जायचा माझा आत. माझ्या एकटीच्यानं होण्यासारखं नव्हतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

समोर शेतात भाताची रोपे खाऱ्या पाण्याखाली झोपली होती.

“नवऱ्याला सांगितलं असतं हो,” ती म्हणाली. “पण नाईकाला कोण सांगणार? त्या वहिनींना तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं होतं.”

आपण कुणाला कधी मारले नाही, कुणाला दंड केला नाही, कुणाचे वाईट चिंतले नाही, हे सगळे त्याला सांगायचे होते. पण ते खरे असूनही आता कुणाच्या कामाचे नव्हते. त्याने तिचे सोललेले हात आपल्या हातात घेतले आणि तो लहान मुलासारखा रडला.

खारे पाणी प्यायलेली जमीन वर्षानुवर्षे पीक देत नाही. दिवाळीपर्यंत वीस घरे डोंगरापलीकडे दुसऱ्याच्या शेतात राबायला निघून गेली. विधवा गेली तेव्हा नाईक तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने त्याला दोष दिला नाही. ती फक्त म्हणाली, “भाऊजी, सांगायला हवं होतं मी.” ते ऐकून त्याला जास्तच लागले. म्हातारा नाईक त्याच हिवाळ्यात वारला. पुढच्या दोन वर्षांत राहिलेलीही गेली, आणि शेवटी नाईक व त्याची बायको एवढेच उरले.

म्हणतात, त्यानंतरही दर अमावास्येच्या आदल्या दिवशी नाईक एकटा सगळा बांध चालत असे. चाळीसही पट्ट्यांतली बिळे तो खाली वाकून, हात घालून बघे. मग तितके शिंपले वेचून तो दगडावर मांडे. ढीग इतका मोठा होई की शिंपले घरंगळून खाली पडत. तो ते उचलून पुन्हा वर ठेवी आणि त्यांच्याकडे बघत दगडापाशी बसून राही. चला, आधी यांच्याकडे, असे म्हणायला तो आता शिकला होता. पण ते ऐकून उठणारे हात गावात उरले नव्हते.

म्हणून थोरामोठ्यांनो आणि लहानग्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: ज्याच्यासमोर माणसे आपली चूक न भिता मांडू शकतात, त्याच्याच हातून दहा जणांचे काम तरते.